विश्लेषण : कामाच्या मिनिटांचा हिशेब कोणी सुरू केला? वाचा, फ्रेडरिक टेलर यांची गोष्ट

जेवणाची ऑर्डर दिली की मोबाइलवर उरलेली मिनिटे दिसू लागतात. तिकडे डिलिव्हरी करणाऱ्याच्या मोबाइलवरही वेळ धावत असतो. कॉल सेंटरमध्ये प्रत्येक कॉलचे सेकंद मोजले जातात, गोदामात तासाला किती पाकिटे भरली याची नोंद राहते. काम तुकड्यांत मोडायचे, प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावर मजुरी ठरवायची, ही पद्धत रुळवण्यात मोठा वाटा आहे फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकी इंजिनीअरचा. इंजिनीअरिंग आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत वैज्ञानिक व्यवस्थापनाचे जनक एवढ्या ओळीत ते उरकले जातात. याच पद्धतीमुळे त्यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उत्तरे द्यावी लागली, हे त्या ओळीत नसते.

टेलर कारखान्यात कसे आले?

टेलर यांचा जन्म २० मार्च १८५६ रोजी फिलाडेल्फियातील जर्मनटाउन भागात, सधन घरात झाला. हार्वर्ड विद्यापीठाची प्रवेश परीक्षा ते उत्तीर्ण झाले. पण डोळ्यांच्या त्रासामुळे तिकडे गेले नाहीत. १८७४ मध्ये ते एका पंपाच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. १८७८ मध्ये मिडव्हेल स्टील कंपनीत साधे मजूर म्हणून रुजू झाले आणि काही वर्षांतच मुकादम, फोरमन, मुख्य इंजिनीअर अशा पायऱ्या चढले. नोकरी सांभाळून १८८३ मध्ये त्यांनी इंजिनीअरिंगची पदवीही घेतली.

कामगार हातचे राखून काम का करत?

मिडव्हेलमध्ये मजुरी नगामागे मिळे. तरीही कामगार ठरवून कमी काम करत. मालकांच्या लेखी हा आळस होता. स्वतः लेथवर काम केलेल्या टेलर यांना खरे कारण ठाऊक होते. समजा, रोज दहा नग करणाऱ्याने पंधरा केले, तर त्याची कमाई वाढलेली पाहून मालक नगामागचा दर कापत. म्हणजे घाम जास्त आणि पैसे तेवढेच. अशा ठिकाणी हात आखडता घेणे हाच शहाणपणा होता. दोष माणसांच्या स्वभावात कमी आणि मजुरीच्या रचनेत जास्त होता.

हे कळूनही मुकादम झाल्यावर टेलर यांनी आधी जबरदस्तीचाच मार्ग धरला. दर कापले, दंड लावले. यंत्रे मोडू लागली. दोन-तीन वर्षांच्या या झगड्यात उत्पादन वाढले, पण संबंध विटले. यातून त्यांनी निष्कर्ष काढला, की दिवसाचे रास्त काम किती, हे मालकालाही माहीत नाही आणि कामगारालाही सांगायचे नाही. मग ते घड्याळाने ठरवावे.

मोजमापातून काय साधले?

१८९८ मध्ये ते बेथलहेम स्टीलमध्ये गेले. तिथे मजूर हलका कोळसा आणि जड खनिज एकाच फावड्याने उपसत. प्रयोगांती एका खेपेला सुमारे साडेनऊ किलो वजन उचलले, तर दिवसभरात सर्वाधिक काम होते, असे टेलर यांना आढळले. त्यामुळे प्रत्येक मालासाठी वेगळ्या मापाचे फावडे आले आणि ते कंपनीने पुरवायचे ठरले. तिथेच त्यांनी मॉन्सेल व्हाइट यांच्यासह कापणीच्या हत्यारांचे असे पोलाद तयार केले, की लेथचा वेग कित्येक पटींनी वाढला.

सर्वाधिक गाजला तो लोखंडाचे ठोकळे वाहण्याचा प्रयोग. एक मजूर दिवसाला साडेबारा टन माल वाहायचा. कधी उचलायचे, कधी थांबायचे हे सांगितल्यावर तो ४७ टन वाहू लागला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली, असे टेलर सांगत. काम जवळपास चौपट, मजुरी मात्र दीडपटीहून थोडी जास्त. पुढे कंपनीची कागदपत्रे तपासणाऱ्या अभ्यासकांना या कथेत बरीच भर घातलेली आढळली. १९०१ मध्ये वरिष्ठांशी न पटल्याने कंपनीने टेलर यांना काढून टाकले.

मग कामगार का बिथरले?

टेलर यांच्या व्यवस्थेत विचार करण्याचे काम नियोजन कक्षाकडे आणि हात चालवण्याचे कामगाराकडे होते. वर्षानुवर्षे कमावलेली हातोटी कागदावर उतरवून घेतली जायची आणि हुकूम होऊन परत यायची. १९११ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी लष्कराच्या वॉटरटाउन शस्त्रागारातील ओतशाळेत स्टॉपवॉच आणताच साचे बनवणाऱ्या कामगारांनी काम बंद केले. संप आठवडाभरात मिटला, पण संसदेने चौकशी समिती नेमली. जानेवारी १९१२ मध्ये टेलर यांची साक्ष झाली. आपण मालक-कामगार दोघांचेही हित पाहतो, अशी त्यांची बाजू होती; कामगार संघटनांना ती पटली नाही.

२१ मार्च १९१५ रोजी, ५९ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी संसदेने लष्करी कारखान्यांत कामगारांच्या कामावर स्टॉपवॉच लावण्यास मनाई केली. सरकारी कामांवरील असे निर्बंध १९४९ पर्यंत टिकले.

आज याचा अर्थ काय?

टेलर यांचे निदान बरोबर होते. लोक कसे वागतात, हे बऱ्याच अंशी व्यवस्था कशाचे बक्षीस देते आणि कशाची शिक्षा देते यावर ठरते. उपाय करताना मात्र त्यांनी काम करणाऱ्याचे मत बाजूला ठेवले. पुढे जपानच्या टोयोटाने मोजमाप टाकून दिले नाही. पण पद्धत सुधारण्यात कामगारालाही सामील केले आणि चूक दिसताच दोरी ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार त्याला दिला.

तुमच्या ऑफिसात नवे टार्गेट आले, तर दोन गोष्टी पाहा. तो आकडा ठरवताना प्रत्यक्ष काम करणाऱ्याला कोणी विचारले का? आणि तो ओलांडणाऱ्याची कमाई वाढते, की पुढच्या महिन्यात आकडाच वाढतो? दुसरे होत असेल, तर लोक पुन्हा हातचे राखूनच काम करतील.