नंदकुमारचा रोखा

बंगालच्या बीरभूम भागातील भद्रपूरचा हा ब्राह्मण. जन्म १७०५ च्या आसपासचा. नवाबांच्या महसुलात वाढला, सिराजउद्दौल्याच्या काळात हुगळीचा फौजदार झाला. १७५७ मध्ये इंग्रज चंद्रनगरवर चालून गेले तेव्हा तो स्वस्थ बसला, आणि तेही फुकट नव्हे, असा प्रवाद आहे. पुढे शाह आलम बादशहाकडून त्याने ‘महाराजा’ हा किताब मिळवला. नंदकुमार साधुपुरुष नव्हता, हे आधीच सांगून टाकलेले बरे. त्याच्या फाशीविषयी बोलण्यासाठी त्याला हुतात्मा करण्याची गरज नाही.

वॉरन हेस्टिंग्जशी त्याचे वैर जुने. १७६४ साली बर्दवान, नदिया व हुगळीच्या वसुलीचे काम कंपनीने हेस्टिंग्जकडून काढून त्याला दिले होते. ११ मार्च १७७५ रोजी त्याने कलकत्त्याच्या कौन्सिलपुढे लेखी आरोप ठेवला, की गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने मुन्नी बेगम वगैरेंकडून साडेतीन लाखांवर रुपये लाच घेतली. कौन्सिलमधले फ्रान्सिस, क्लॅव्हरिंग आणि मॉन्सन हेस्टिंग्जच्या विरोधात होतेच. त्यांनी आरोप उचलून धरला. (राघोबाशी सुरतेचा तह केला म्हणून मुंबईकरांचे कान त्याच वर्षी उपटले ते याच कौन्सिलने.)

६ मे रोजी नंदकुमारला अटक झाली. गुन्हा भलताच : बुलाकीदास या सावकाराच्या नावाचा ४८,०२१ सिक्का रुपयांचा बनावट रोखा. रोखा १७६५ चा, सावकार १७६९ मध्ये वारलेला, पैसे केव्हाच चुकते झालेले, तंटा दिवाणी अदालतीत रेंगाळलेला.

कर्जाचे कागद तपासण्यात ज्याची नोकरी गेली त्याला इथे थांबावेच लागते. बचावाचे म्हणणे, रोख्यावरचे तिन्ही साक्षीदार आता हयात नाहीत. फिर्यादीचे म्हणणे, मोहोर आहे ती कमालुद्दीनची, तो जिवंत आहे, आणि त्याची मोहोर नंदकुमारकडे पडून होती. हाच कमालुद्दीन एप्रिलमध्ये नंदकुमारविरुद्ध कटाच्या फिर्यादीतही उभा! असल्या पुराव्यावर मी पाच हजारांचे कर्ज मंजूर केले नसते.

खटला ८ जूनला सुरू झाला, १६ जूनच्या पहाटे संपला. ज्यूरीत बारा युरोपियन. साक्षी फारसीत, बंगालीत, दुभाष्यामार्फत. अशा गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाने ज्यूरीपुढे भाषण करायचे नाही, हा तेव्हाचा इंग्रजी नियम. त्यामुळे फॅरर या वकिलाचे तोंड बांधलेले. उलट बचावाच्या साक्षीदारांची उलटतपासणी खुद्द न्यायाधीशांनीच घेतली. मुख्य न्यायाधीश इंपी हा हेस्टिंग्जचा शाळासोबती.

शिक्षा फाशी. खोट्या कागदासाठी गळफास हा विलायतेचा कायदा. इथल्या माणसाला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि हे न्यायालयच मुळी १७७४ मध्ये, कथित गुन्ह्यानंतर स्थापन झालेले. १७६५ मध्ये राधाचरण मित्रालाही याच अपराधासाठी कलकत्त्यात फाशी सुनावली होती. शहरातल्या लोकांनी अर्ज केला आणि तो सुटला. चेंबर्स या न्यायाधीशाने सौम्य कायदा सुचवून पाहिला. शिक्षा तहकूब करून राजाचा निर्णय मागवण्याचा अधिकार सनदेतच होता. इंपीने तो वापरला नाही.

सत्तरीच्या या माणसाला ५ ऑगस्ट १७७५ रोजी खिदिरपूरजवळ फाशी दिली. इंपीवर महाभियोग आणण्याचा प्रस्ताव १७८८ मध्ये पार्लमेंटात ५५ विरुद्ध ७३ मतांनी पडला. फिट्झजेम्स स्टीफन या न्यायमूर्तीने १८८५ मध्ये दोन खंड लिहून इंपीला निर्दोष ठरवले. असेलही. पण या हत्येत हेस्टिंग्जचाच हात शोधत बसलो, की दुसरे हात सुटतात.

मरणाच्या आदल्या दिवशी नंदकुमारचा अर्ज क्लॅव्हरिंगच्या हाती पडला होता. त्याने तो दाबून ठेवला आणि १४ ऑगस्टला, फाशीनंतर नऊ दिवसांनी, कौन्सिलपुढे मांडला. अर्ज न्यायाधीशांची बदनामी करणारा आहे, सबब तो जाहीरपणे जल्लादाकडून जाळवावा, असा ठराव आला. तो मांडणारा हेस्टिंग्ज नव्हता. फ्रान्सिस होता.