लिंडले मरे : विरोध आणि जोडणी यांचा व्याकरणकार

इंग्रजीत दोन विचारांतील विरोध ‘बट’, ‘दो’, ‘येट’ यांसारख्या अव्ययांनी व्यक्त होतो. ही अव्यये वाक्यांना एकत्र बांधतात आणि त्याच वेळी त्यांच्या अर्थांना परस्परांसमोर उभे करतात. या दुहेरी कार्याची ओळख एकोणिसाव्या शतकातील असंख्य विद्यार्थ्यांना ज्या पुस्तकातून झाली, ते लिंडले मरे (१७४५–१८२६) यांचे ‘इंग्लिश ग्रामर’ होय. मरे हे व्यवसायाने वकील आणि व्यापारी होते. व्याकरणलेखनाकडे ते वयाच्या पन्नाशीत वळले. त्यांना कोणी इंग्रजी व्याकरणाचे जनक म्हटले, तर कोणी इतरांच्या ग्रंथांतून उचल करणारे संकलक. त्यांचा जीवनक्रम आणि त्यांच्या ग्रंथाची रचना एकत्र पाहिली असता ही दोन्ही मते अपुरी ठरतात.

मरे यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील स्वातारा येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. वडील रॉबर्ट मरे पुढे न्यूयॉर्कमधील अग्रगण्य व्यापारी बनले; त्या शहरातील ‘मरे हिल’ या भागाचे नाव याच घराण्यावरून पडले. वडिलांची शिस्त कठोर होती. एका शिक्षेने दुखावलेल्या लिंडले यांनी किशोरवयात घर सोडले आणि न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथील शाळेत प्रवेश घेतला. पुढे समेट झाला, परंतु वडिलांच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. बेंजामिन किसम या वकिलांच्या हाताखाली त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. तेथे त्यांचे सहाध्यायी असलेले जॉन जे हे कालांतराने अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झाले. १७६७ साली हॅना डॉब्सन यांच्याशी मरे यांचा विवाह झाला.

अमेरिकन राज्यक्रांतीने या कुटुंबाची कसोटी पाहिली. क्वेकर पंथाला शस्त्र वर्ज्य असल्याने उघडपणे कोणत्याही सैन्याच्या बाजूने उभे राहणे शक्य नव्हते. व्यापार मात्र राजकारणापासून अलिप्त राहू शकला नाही. १७७५ साली ब्रिटिश मालावरील बहिष्कार मोडून ‘ब्यूला’ या जहाजातील माल गुपचूप उतरवल्याचे उघडकीस आले आणि मरे यांच्या वडिलांची पेढी लोकरोषास पात्र ठरली. याउलट, १७७६ साली लिंडले यांच्या आईने ब्रिटिश सेनापतीला पाहुणचारात गुंतवून अमेरिकन सैन्याला निसटण्यास अवसर दिला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. स्वतः लिंडले युद्धाच्या आरंभी लाँग आयलंडवरील इस्लिप येथे जाऊन राहिले. तेथे मीठ तयार करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. मग ब्रिटिशांच्या ताब्यातील न्यूयॉर्कमध्ये परतून त्यांनी व्यापारात मोठी संपत्ती मिळवली. युद्ध संपल्यावर, १७८४ साली, ते इंग्लंडला गेले आणि यॉर्कजवळील होलगेट येथे स्थायिक झाले. स्नायूंची वाढती दुर्बलता हे स्थलांतराचे कारण त्यांनी आत्मचरित्रात दिले आहे. कुटुंबाचे युद्धकालीन व्यवहारही त्यामागे असावेत, असे काही अभ्यासक मानतात.

होलगेट येथे त्यांची शक्ती क्रमाने क्षीण होत गेली. चार पावले चालणेही कष्टाचे झाले आणि १८०९ नंतर ते घराबाहेर पडले नाहीत. याच मर्यादित जगात त्यांचे लेखन झाले. यॉर्क येथे क्वेकर मुलींची एक शाळा होती. तेथील तरुण शिक्षिकांना मरे यांच्याकडून व्याकरणाचे मार्गदर्शन मिळत असे. वर्गात वापरता येईल असे पुस्तक लिहिण्याचा आग्रह त्यांनीच धरला आणि १७९५ साली ‘इंग्लिश ग्रामर’ प्रसिद्ध झाले. १७९७ साली अभ्यासपुस्तिका, उत्तरसंग्रह आणि संक्षिप्त आवृत्ती निघाल्या. १७९९ साली ‘इंग्लिश रीडर’ हे वाचनपुस्तक आले. या पुस्तकांच्या लक्षावधी प्रती अटलांटिकच्या दोन्ही काठांवर खपल्या. त्यांतून मिळालेले उत्पन्न मरे यांनी धर्मादायास दिले.

मरे यांच्या व्याकरणातील मूळ सामग्री बव्हंशी पूर्वसूरींची आहे. रॉबर्ट लाउथ यांचे १७६२ सालचे व्याकरण हा तिचा प्रमुख आधार. जोसेफ प्रीस्टली, जॉर्ज कॅम्बेल आणि ह्यू ब्लेअर यांच्या ग्रंथांतूनही त्यांनी मुक्तपणे घेतले. असे पुस्तक संकलनाच्याच स्वरूपाचे असते, हे त्यांनी प्रस्तावनेत मान्य केले होते; तथापि कोणता उतारा कोठून घेतला, याचा निर्देश अनेकदा नव्हता. १८५१ साली गूल्ड ब्राउन यांनी आपल्या बृहद् व्याकरणग्रंथात याच मुद्द्यावर त्यांच्यावर कठोर टीका केली. ती निराधार नव्हती. परंतु लाउथ यांच्या सूत्रमय विवेचनाला बावीस नियमांची चौकट, लहानमोठ्या टाइपांतील मुख्य व दुय्यम मजकूर आणि भरपूर स्वाध्याय यांची जोड देऊन मरे यांनी ते वर्गात आणले. ही मांडणी हेच त्यांचे कर्तृत्व होय.

विरोधदर्शक रचनेच्या संदर्भात हे स्पष्ट दिसते. मरे यांनी उभयान्वयी अव्ययांचे दोन वर्ग मानले. पहिला वर्ग जोडणाऱ्यांचा. त्यात ‘अँड’, ‘बिकॉज’ यांच्यासमवेत ‘इफ’ही येते. दुसऱ्या वर्गातील अव्यये वाक्य पुढे नेतात, पण कमीअधिक प्रमाणात अर्थविरोध दाखवतात. त्यात ‘बट’, ‘दो’, ‘येट’, ‘ऑर’, ‘नॉर’, ‘अनलेस’ यांचा समावेश आहे. विरोधाला प्रमाण असते, ही जाणीव येथे मोलाची आहे. मात्र विकल्प आणि विरोध एकाच वर्गात कोंबले गेले, ही त्या वर्गीकरणाची उणीव. ‘दो’नंतर क्रियापदाचे कोणते रूप यावे, हा पुढचा प्रश्न. वस्तुस्थिती निश्चित असेल तर स्वार्थी रूप आणि संशय असेल तर ‘सब्जंक्टिव्ह’, म्हणजे स्थूलमानाने संकेतार्थी रूप, असा भेद मरे यांनी केला. ‘दो’ला ‘येट’ची साथ हवी, हेही त्यांनी जोडअव्ययांच्या यादीत नोंदवले. शैलीविषयक परिशिष्टात ब्लेअर यांच्या आधारे त्यांनी आणखी एक तत्त्व मांडले: दोन गोष्टींतील विरोध दाखवायचा असेल तर दोन्ही वाक्यांशांची घडण सारखी ठेवावी. रचनेत साम्य असल्यानेच अर्थातील भेद उठून दिसतो, हे वाक्यविचार आणि शैलीविचार यांना जोडणारे सूत्र आहे.

एकोणिसाव्या शतकात मरे यांचे व्याकरण हिंदुस्थानातील इंग्रजी शाळांतही शिकवले जाई. दादोबा पांडुरंग (१८१४–१८८२) यांचे १८३६ सालचे मराठी व्याकरण मरे यांच्या धर्तीवर रचले गेल्याचे मराठी व्याकरणाच्या इतिहासात नमूद केले जाते. मात्र मराठीत रूढ झालेले वर्गीकरण निराळे आहे. ‘किंवा’, ‘अथवा’ ही विकल्पबोधक आणि ‘पण’, ‘परंतु’ ही न्यूनत्वबोधक अव्यये येथे वेगळी काढली गेली. मरे यांच्या वर्गीकरणातील गोंधळ त्यामुळे टळला. उलट ‘जरी–तरी’ ही जोडी ‘जर–तर’बरोबर संकेतबोधकांत बसवली गेल्याने तिच्यातील विरोधाचा अर्थ झाकला गेला. ‘तो गरीब आहे, पण प्रामाणिक आहे’ आणि ‘तो गरीब असला, तरी प्रामाणिक आहे’ या वाक्यांचे नाते शालेय वर्गीकरणातून उमगत नाही. मरे यांनी ‘इफ’ आणि ‘दो’ निरनिराळ्या वर्गांत ठेवून हे नाते निदान सूचित केले होते. एका भाषेची चौकट दुसरीला लावताना काय साधते आणि काय निसटते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१८२६ साली होलगेट येथे मरे यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे पत्ररूप आत्मचरित्र एलिझाबेथ फ्रँक यांनी संपादून प्रसिद्ध केले. त्यांच्या पुस्तकांची सद्दी पुढेही टिकली; जॉर्ज एलियट यांच्या ‘मिडलमार्च’ (१८७१–७२) या कादंबरीतील श्रीमती गार्थ यांच्या संदर्भात मरे यांचे नाव येते, ते सुशिक्षित घरातील परिचित वस्तू म्हणूनच. युद्धकाळात संपत्ती मिळवून पुस्तकांचे उत्पन्न मात्र दान करणारे, स्वतंत्र सिद्धान्त न मांडताही कित्येक पिढ्यांचे शिक्षक ठरलेले असे हे व्यक्तिमत्त्व होते. त्यातील एकच बाजू निवडून त्यांचा गौरव वा निषेध करणे सोपे आहे. त्यांचे यथार्थ मूल्यमापन करावयाचे तर दोन्ही बाजू एकाच वाक्यात धराव्या लागतात.