लॉरेन्झो डाऊ टर्नर : ‘अशुद्ध’ इंग्रजीचे कूळ शोधणारा अभ्यासक

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाला एक अनुभव हमखास येतो. पुण्याला लग्नकार्यासाठी जावे आणि आपल्या तोंडचे ‘करायलंय’ किंवा ‘करून राहिलोय’ ऐकून कोणीतरी हसावे. बोलणे समोरच्याला कळलेले असते, तरी ते अशुद्ध ठरते. अमेरिकेतल्या एका बोलीवर असाच अशुद्ध इंग्रजीचा शिक्का दीर्घकाळ बसला होता. तो पुसण्यासाठी ज्यांनी आयुष्यातली वीस वर्षे खर्च केली, त्या डॉ. लॉरेन्झो डाऊ टर्नर यांची ही ओळख.

टर्नर यांचा जन्म 1890 मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटी येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. सुट्टीत रेल्वेत नोकरी करून त्यांनी शिक्षण घेतले. 1914 मध्ये हॉवर्ड विद्यापीठाची पदवी, 1917 मध्ये हार्वर्डची एम.ए. आणि 1926 मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी मिळवली. हॉवर्डमध्ये ते इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. मध्यंतरी भावाबरोबर एक वृत्तपत्र काढले. ते चालले नाही. मग 1929 मध्ये ते टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठात गेले.

त्याच उन्हाळ्यात दक्षिण कॅरोलिनातल्या ऑरेंजबर्गच्या महाविद्यालयात शिकवताना काही विद्यार्थ्यांचे आपसातले बोलणे त्यांच्या कानावर पडले. शब्द इंग्रजीसारखे, पण हेल आणि वाक्याची ठेवण निराळीच. ही ‘गल्ला’ बोली होती. (आपल्या दुकानातल्या गल्ल्याशी या नावाचा काही संबंध नाही.) दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या भातशेतीसाठी पश्चिम आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली होती. वेगवेगळ्या भाषांची ही माणसे एकत्र आली, त्यांच्या कानावर इंग्रजी पडले आणि त्यातून ही बोली घडली. किनाऱ्याजवळची बेटे एका बाजूला पडल्यामुळे ती तिथे टिकून राहिली.

त्या काळच्या विद्वानांनी मात्र तिला मोडके इंग्रजी ठरवले होते. कोणी म्हणे, ही जुन्या इंग्रज कुणब्यांची भाषा आहे. कोणी बोलणाऱ्यांच्या आळसाला आणि जाड ओठांना दोष देई. यांपैकी कोणालाही आफ्रिकी भाषा येत नव्हत्या.

टर्नर यांनी आधी स्वतःची तयारी केली. इंग्रजीचे प्राध्यापक असूनही चाळिशीत ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि बोलींच्या नोंदी घेण्याचे शास्त्र शिकले. 1932 पासून ते ध्वनिमुद्रणाचे अवजड यंत्र घेऊन बेटांवर फिरले. बाहेरच्या माणसाशी तिथले लोक मोकळे बोलत नसत, म्हणून त्यांनी घाई केली नाही. लोक बोलते झाले तेव्हा एक गोष्ट उघड झाली. तिथे प्रत्येकाला दोन नावे होती, एक शाळेतले आणि एक घरातले. आपल्याकडच्या पाळण्यातल्या नावासारखेच हे. शाळेतले नाव इंग्रजी, पण घरातले बहुधा आफ्रिकी. आधीच्या अभ्यासकांपर्यंत ही घरची नावे पोचलीच नव्हती.

1936-37 मध्ये टर्नर लंडनला गेले आणि पश्चिम आफ्रिकेच्या अनेक भाषा त्या बोलणाऱ्यांकडूनच शिकले. पुढे येल विद्यापीठात अरबी शिकले, तर 1940-41 मध्ये ब्राझीलमधल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची भाषा आणि गाणी त्यांनी मुद्रित केली. या सगळ्याचे फळ म्हणजे 1949 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘आफ्रिकनिझम्स इन द गल्ला डायलेक्ट’ हा ग्रंथ. आफ्रिकी मुळाची सुमारे चार हजार नावे आणि शब्द त्यांनी दाखवून दिले. शेंगदाण्याला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ‘गूबर’ म्हणतात. तो अंगोलातल्या किंबुंदू भाषेतल्या ‘न्गुबा’वरून आला.

शब्दांइतकेच व्याकरणही महत्त्वाचे होते. गल्लात एखाद्याचे म्हणणे सांगताना ‘से’ हा शब्द येतो. तो इंग्रजी ‘से’चा चुकीचा वापर आहे असा समज होता. घानामधल्या त्वी भाषेत याच कामासाठी जवळपास असाच शब्द आहे, हे टर्नर यांनी दाखवले. आपण ‘तो येणार म्हणून कळलं’ म्हणतो, त्यातल्या ‘म्हणून’सारखेच हे काम आहे. म्हणजे लोक चुकत नव्हते. त्यांच्या बोलण्याला नियम होते आणि ते आजोळाहून आलेले होते.

टर्नर यांच्या मुद्रणांतल्या एका गाण्याची कथा विलक्षण आहे. जॉर्जियातल्या हॅरिस नेक गावी अमेलिया डॉली या बाईंनी त्यांना पाच ओळींचे एक गाणे ऐकवले. त्याचा अर्थ त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हता. ते सिएरा लिओनमधल्या मेंडे भाषेतले निघाले. 1990 नंतर अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा तिथल्या एका खेड्यात एका बाईला तेच गाणे येत होते. ते अंत्यविधीचे गाणे होते. अमेलियाबाईंची मुलगी मेरी मोरान यांनाही आईचे गाणे पाठ होते. 1997 मध्ये त्या सिएरा लिओनला गेल्या आणि दोनशे वर्षांची ताटातूट एका गाण्याने जोडली गेली.

हे पाहायला टर्नर नव्हते. 1946 पासून ते शिकागोच्या रूझवेल्ट महाविद्यालयात शिकवत होते. 1951 मध्ये आफ्रिकेत जाऊन तिथल्या भाषांचेही त्यांनी मुद्रण केले. उतारवयात सिएरा लिओनला जाणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांना त्यांनी तिथली क्रिओ भाषा शिकवली. 1972 मध्ये त्यांचे निधन झाले. 2006 मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून गल्ला लोकांच्या किनारपट्टीला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

बेळगावच्या मराठीत कन्नड आहे, बडोद्याच्या मराठीत गुजराती, इंदूरच्या मराठीत हिंदी. ही आपल्या घराण्यांच्या प्रवासाची नोंद आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचे खास शब्द, हाका मारायची नावे, ओव्या आणि पाळणे या सुट्टीत मोबाईलवर मुद्रित करून ठेवा. अर्थ लागला नाही तरी चालेल. अमेलियाबाईंनाही तो लागला नव्हता.