नेत्रपटल सांधणारे डॉ. गोनँ

स्वित्झर्लंड देशांत जिनीव्हा सरोवराच्या कांठीं लोझान नांवाचें टुमदार शहर आहे. तेथें १८७० सालीं डॉ. ज्यूल गोनँ यांचा जन्म झाला, आणि तेथील नेत्ररुग्णालयांत डॉ. मार्क द्यूफूर यांच्या हाताखालीं ते या विद्येंत तयार झाले.

त्यांनीं केलें काय, हें समजण्यास डोळ्याची थोडी ओळख हवी. डोळ्याच्या आंत, मागील बाजूस, एक अतिशय नाजूक पडदा असतो. त्यास नेत्रपटल म्हणतात. बाहेरील वस्तूंचें चित्र त्यावर उमटतें. पावसाळ्यांत ओल येऊन भिंतीचा पोपडा सुटावा, तसा कधीं कधीं हा पडदा सुटतो. रोग्यास प्रथम चमका दिसतात, मग डोळ्यापुढें एक छाया चढत जाते आणि अखेर अंधार होतो. अशा रोग्यास त्या काळीं डोळे बांधून आठवडेच्या आठवडे उताणें निजवीत. कोणी पडद्यामागचें पाणी सुईनें काढून टाकीत. पाणी पुन्हां भरे. बहुतेक सर्व वैद्यांनीं हात टेकले होते.

हेल्महोल्ट्झ यांनीं १८५१ सालीं नेत्रदर्शक यंत्र पुढें आणल्यापासून अशा पडद्यास पडलेलें छिद्र कित्येकांनीं पाहिलें होतें. परंतु बहुतेकांनीं त्यास महत्त्व दिलें नाहीं. गोनँ यांनीं रोगग्रस्त डोळ्यांचे पातळ काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. डोळ्यांतील काचेसारखा रस पडद्यास चिकटून त्यास ओढतो, त्या ओढीनें पडदा फाटतो, आणि त्या फटींतून पाणी मागें शिरून पडदा सुटतो, असें त्यांस आढळलें. हा सिद्धान्त त्यांनीं १९०४ सालीं प्रसिद्ध केला. फट हेंच मूळ असेल, तर ती बुजविली पाहिजे.

पण ती सांपडावी कशी? डोळ्याचा गोल एक इंचाहूनही लहान, आणि फट कधीं टांचणीच्या टोकाएवढी! गोनँ रोग्याची बाहुली औषधानें विस्तृत करून पडद्याचा कोपरा न् कोपरा धुंडाळीत, त्याचें चित्र काढीत, आणि मापें घेऊन तीच जागा डोळ्याच्या बाहेरील पांढऱ्या थरावर निश्चित करीत. तेथें छेद घेऊन पाणी वाहूं देत व तप्त शलाकेनें फट डागून बंद करीत. आमच्या वैद्यकांतील अग्निकर्म हा शब्द येथें सहजच आठवतो. तथापि आम्हांस त्या शलाकेपेक्षां तो शोधच अधिक थोर वाटतो.

१९२० सालीं फ्रेंच नेत्रवैद्यांच्या मंडळापुढें त्यांनीं आपले अनुभव मांडले, तेव्हां पुष्कळांनीं मान डोलावली नाहीं. डोळ्यास डाग देणें हेंच मुळीं भयंकर वाटे! गोनँ वादांत शिरले नाहींत असें नाहीं; पण त्यांचें खरें उत्तर म्हणजे बरे झालेले रोगी. सगळेच बरे होत नसत, आणि अपयशही ते नमूद करीत. पुढें बार्सिलोनाचे आरुगा, उट्रेख्टचे वेव्ह यांसारखे शस्त्रवैद्य ही रीत आचरूं लागले, आणि १९२९ सालीं अॅम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत तिला मान्यता मिळाली. तेव्हां गोनँ यांस साठावें वर्ष लागलें होतें.

१९३४ सालीं त्यांचा या रोगावरील मोठा ग्रंथ निघाला आणि पुढच्याच वर्षीं ते निवर्तले. तप्त शलाकेची जागा पुढें विजेनें, अतिशीत उपकरणांनीं व लेझरच्या किरणांनीं घेतली. फट आधीं शोधावी हा नेम मात्र सुटला नाहीं. १९७१ सालीं स्विस टपालखात्यानें त्यांचें चित्र तिकिटावर छापलें. लोझानचें तें नेत्ररुग्णालय आज त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.