‘एसी’ म्हणजे कोण?

एसी म्हटलं की इलेक्ट्रिकलच्या पोरांना अल्टरनेटिंग करंट आठवतो. मे महिन्यात सबमिशनसाठी हॉस्टेलवर अडकलेल्यांना ऑफिसच्या खिडकीतलं गार हवेचं यंत्र आठवतं. पण जुन्या अमेरिकन गाड्यांचा नाद असलेल्या माणसाला विचाराल, तर तो कपाटातून एक स्पार्क प्लग काढून पुढे ठेवेल. प्लगच्या पांढऱ्या इन्सुलेटरवर छापलेली ती दोन अक्षरं करंटची नाहीत, माणसाची आहेत. त्याचं नाव अल्बर्ट चॅम्पियन.

आता ‘चॅम्पियन’ नावाचेही प्लग असतात, हे टू-व्हीलरवाल्यांना सांगायला नको. आपल्या पार्किंगमधल्या कितीतरी पल्सरांमध्ये तेच बसलेले आहेत. म्हणजे नावाची कंपनी एक आणि आद्याक्षरांची दुसरी. माणूस एकच, आणि कंपन्या मात्र एकमेकींच्या पक्क्या स्पर्धक! हा घोळ कसा झाला, त्याचीच ही गोष्ट.

अल्बर्टचा जन्म १८७८ चा, पॅरिसचा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण फार झालं नाही. पोराकडे होते ते पाय. त्या काळी पॅरिसमध्ये सायकलच्या शर्यतींचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखं होतं. चॉपी वॉरबर्टन नावाच्या त्या वेळच्या नामांकित (आणि थोड्या बदनामही) इंग्रज प्रशिक्षकाच्या नजरेत हा पोरगा भरला. १८९९ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने पॅरिस ते रुबे ही शर्यत जिंकली. अंतर सुमारे २६८ किलोमीटर, आणि वाटेत दगडी फरसबंदीचे रस्ते. ही शर्यत आजही होते आणि सायकलवाले आजही तिला टरकून असतात.

पण त्याचा खरा खेळ बंदिस्त ट्रॅकवरचा. त्यात पुढे एक मोटारसायकल धावते आणि तिच्यामागे, हवेचा विरोध कमी मिळावा म्हणून, अगदी चिकटून सायकलवाला पेडल मारतो. वेग भयानक. पुढच्या इंजिनाने एक ठिणगी चुकवली तर मागच्याचं काय होत असेल, याची कल्पना करा. माझ्या मते चॅम्पियनचं इग्निशनचं शिक्षण इथेच सुरू झालं. इंजिनाच्या फटफटीतली एक फट चुकली तर ती आपल्या हाडांवर येते, हे त्याला कोणा प्राध्यापकाने सांगावं लागलं नाही.

१९०० मध्ये तो अमेरिकेत गेला. बॉस्टनजवळच्या चार्ल्स रिव्हर पार्क ट्रॅकवर ३१ जुलै १९०० रोजी ‘ओरिएंट-ॲस्टर’ या मोटारसायकलवर त्याने ५ मैल ७ मिनिटं १६ सेकंदांत कापले. अमेरिकेतली मोटारसायकलची ही पहिली नोंदलेली वेगाची शर्यत मानतात. १९०३ मध्ये त्याने गोल ट्रॅकवर एक मैल एका मिनिटाच्या आत मारला. एवढ्यावर थांबेल तर तो चॅम्पियन कसला! त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीच ट्रॅकवर तो पॅकार्ड कंपनीच्या ‘ग्रे वुल्फ’ या रेसिंग कारमध्ये बसला. गाडी कुंपणावर गेली आणि मांडीचं हाड मोडलं. बरा झाला तेव्हा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झालेला होता.

ज्याची सगळी कमाई पायांवर, त्याचा पायच आखूड. तरीही हा गडी १९०४ मध्ये फ्रान्सला परत गेला आणि त्या आखूड पायानिशी मोटारमागच्या सायकल शर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद घेऊन आला. मग मात्र त्याने शर्यत सोडली. हे पाय आता फार दिवस पोसणार नाहीत, हे त्याला कळलं असावं. युरोपातले मॅग्नेटो आणि प्लग अमेरिकेपेक्षा खूप पुढे होते, आणि ते त्याला माहीत होते. १९०५ मध्ये बॉस्टनला ‘अल्बर्ट चॅम्पियन कंपनी’ उभी राहिली. पैसा स्ट्रॅनाहन बंधूंचा, नाव आणि डोकं याचं.

इथे पुढे कंपनी काढायची स्वप्नं बघणाऱ्यांनी जरा थांबून वाचावं. १९०८ मध्ये ब्युइकचा मालक विल्यम ड्युरंट याच्याशी चॅम्पियनची गाठ पडली. हा ड्युरंट म्हणजे त्याच वर्षी जनरल मोटर्स स्थापन करणारा गृहस्थ. ब्युइकला तेव्हा ‘राजा’ नावाचे प्लग लागत (हो, आपलाच राजा, नावाला कुठेही मागणी). ड्युरंटला ते स्वस्तात आणि घरच्या घरी हवे होते. त्याने चॅम्पियनला मिशिगनमधल्या फ्लिंट गावी बोलावलं आणि कारखाना घालून द्यायची तयारी दाखवली. चॅम्पियन निघाला. पण नाव? ते बॉस्टनच्या कंपनीच्या मालकीचं होतं आणि स्ट्रॅनाहन बंधू ते विकायला तयार नव्हते. म्हणजे जन्मदाखल्यावर ‘चॅम्पियन’, पण प्लगवर ते छापायला बंदी.

त्याने मग आपली आद्याक्षरं छापली. एसी.

कंपनीचं नाव मात्र ‘चॅम्पियन इग्निशन कंपनी’ असंच ठेवलं. स्ट्रॅनाहन बंधूंनी १९१० मध्ये आपलं बिऱ्हाड ओहायोतल्या टोलेडोला नेलं, कारण तिथे विलीज-ओव्हरलँडचं गिऱ्हाईक होतं (पुढे जीप बनवणारी विलीज ती हीच). फोर्डच्या मॉडेल टी गाडीतही टोलेडोचे प्लग गेले आणि त्यांचा धंदा धो-धो चालला. एका देशात दोन चॅम्पियन, दोघेही प्लग बनवणारे. १९२२ मध्ये फ्लिंटच्या कंपनीने अखेर नाव बदललं आणि ती ‘एसी स्पार्क प्लग कंपनी’ झाली. त्या दिवसापासून खऱ्या चॅम्पियनच्या पाटीवर चॅम्पियन हा शब्दच उरला नाही.

पण माल चोख होता. मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा, न थांबता उडत गेला, साडेतेहतीस तास. त्याच्या राइट कंपनीच्या इंजिनाला नऊ सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन प्लग. पल्सरच्या ट्विन स्पार्कवर भाषण देणाऱ्यांनी नोंद घ्यावी, ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. ते अठरा प्लग एसीचे होते. अटलांटिकच्या वर प्लगला कार्बन धरला असता तर तो उतरून साफ करायला कुठे जागा नव्हती. ज्या पॅरिसमधून चॅम्पियन सायकलवर निघाला होता, तिथेच त्याचे प्लग विमानातून पोहोचले. पाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९२७ मध्ये, तोही पॅरिसला आलेला असताना तिथेच वारला. वय ४९.

माणूस गेला तरी त्याचं नाव आणि त्याची आद्याक्षरं एकमेकांशी झगडतच राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पोर्ट्स कारचा जमाना आला तेव्हा तर चित्र मजेशीरच झालं. ब्रिटनच्या एमजीबीच्या मॅन्युअलमध्ये चॅम्पियनचा एन ९ वाय, अमेरिकेच्या शेवरोले कॉर्व्हेटमध्ये एसीचे ४४, ४५ वगैरे. कॉर्व्हेट जनरल मोटर्सची, त्यामुळे तिच्यात घरचाच प्लग. आज या गाड्या साठीच्या घरात आल्या आहेत आणि त्या नव्याने उभ्या करणारी मंडळी जुन्या एसी प्लगांच्या न उघडलेल्या डब्या शोधत फिरतात.

डबीवरच्या नावापेक्षा महत्त्वाचा असतो तो आकडा, आणि तिथेच भले भले फसतात. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर तापलं पाहिजे, म्हणजे त्यावरचा कार्बन जळून जातो. पण ८५० च्या वर गेलं तर ते निखाऱ्यासारखं होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं, आणि मग पिस्टनची वाट लागते. आतल्या चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णता हळू निघते, तो हॉट प्लग. नाक आखूड तर कोल्ड. गावात रखडत चालणाऱ्या गाडीला जरा हॉट, हायवेवर किंवा ट्रॅकवर पिटाळणाऱ्या गाडीला कोल्ड.

एसीच्या जुन्या पद्धतीत पहिला ४ म्हणजे १४ मिलिमीटरची चूडी आणि दुसरा अंक उष्णतेचा. आकडा वाढला की प्लग हॉट, म्हणजे ४३ थंड, ४५ गरम. चॅम्पियनचंही तसंच, आकडा वाढला की हॉट. पण जपानी एनजीके घेतला की सगळं उलटं, तिथे आकडा वाढला की कोल्ड! एन ९ वाय च्या जागी चालतो तो बीपी ६ ईएस. नऊच्या जागी नऊ शोधत बसणारा माणूस भलताच थंड प्लग घरी आणतो, गाडी चार दिवसांत काळा धूर ओकते आणि शिव्या कार्बोरेटरला बसतात. गॅपही ज्याची त्याची वेगळी. एमजीबीला २५ थाऊ, त्या काळच्या कॉर्व्हेटला ३५. फिलर गेजने बघायचं, डोळ्याने नाही.

प्लगइतकीच भानगड वायरींची. डिस्ट्रिब्युटरपासून प्लगपर्यंत जाणारी हाय टेन्शन वायर म्हणजे एक छोटा रेडिओ ट्रान्समीटरच. प्रत्येक ठिणगीला ती आसपासच्या रेडिओत खरखर टाकते. साध्या गाडीत लोखंडी बॉनेट ही खरखर अडवतं. पण कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची. म्हणून रेडिओवाल्या कॉर्व्हेटमध्ये डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर धातूची चकचकीत कवचं बसवलेली असत. पुष्कळ जण ती शोभेची समजून काढून ठेवतात आणि मग नवा रेडिओ खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

वायरीच्या पोटात काय आहे, हेही बघावं लागतं. तांब्याच्या तारेची वायर जास्त टिकते, पण खरखर फार. कार्बन घातलेल्या धाग्याची वायर खरखर दाबते, पण ती जोरात ओढली किंवा वयाने सुकली की आत तुटते, बाहेरून मात्र ठणठणीत दिसते. मल्टिमीटर लावला की तिचं वय कळतं. ज्यांनी जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आहे, त्यांनी तांब्याची तार आणि रेझिस्टर नसलेला प्लग एकत्र वापरूच नये, ती खरखर इलेक्ट्रॉनिक डबीलाही गोंधळात टाकते. ज्यांच्या गाडीत रेडिओ नाही आणि पॉइंट जसेच्या तसे आहेत, ते तांब्याची खुशाल लावू शकतात.

आणि गाडी प्रदर्शनात मांडायची असेल तर परीक्षक वायरीवरचा छापाही वाचतात. १९६० च्या दशकातल्या कॉर्व्हेटच्या मूळ वायरींवर कारखान्याचं नाव, रेडिओ-टीव्हीची खरखर दाबणारी असल्याचा शिक्का आणि कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत बनली, ते छापलेलं असतं. १९६५ च्या गाडीवर १९६७ ची वायर दिसली की गुण कापले. तो कारखाना पॅकार्ड इलेक्ट्रिक. ज्या पॅकार्ड बंधूंनी १८९० मध्ये तो काढला, त्यांनीच पुढे मोटारींची पॅकार्ड कंपनी काढली आणि तिच्याच ग्रे वुल्फमध्ये चॅम्पियनचा पाय मोडला. १९३२ मध्ये हा वायरींचा कारखाना जनरल मोटर्सने घेतला. त्यामुळे जुन्या कॉर्व्हेटचं बॉनेट उघडलं तर आठही सिलिंडरांवर वायरीचं एक टोक पॅकार्डचं नाव घेऊन येतं आणि एसीच्या डोक्यावर बसतं.