सुतारपक्ष्यांचे मित्र अलेक्झांडर विल्सन

अलेक्झांडर विल्सन यांचा जन्म ६ जुलै १७६६ रोजी स्कॉटलंडमधील पेझ्ली या गावी झाला. घरची गरिबी होती. तेराव्या वर्षी ते हातमागावर बसले. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना मागाची खटखट काय असते, हे सांगायला नको! त्या खटखटीतच विल्सन कविता रचत. पुढे एका गिरणीमालकावर झोंबणारी कविता लिहिली म्हणून त्यांना तुरुंगवास घडला. ती कविता सर्वांसमोर स्वतःच्या हाताने जाळावी लागली.

१७९४ साली ते अमेरिकेला गेले. बंदरातून पायीच निघाले असता वाटेत त्यांना लाल डोक्याचा सुतारपक्षी दिसला. आपण उर्दूत ज्याला कठफोडा म्हणतो, तोच हा. इतका सुंदर पक्षी त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

१८०२ मध्ये ते फिलाडेल्फियाजवळ एका लहान शाळेत शिक्षक झाले. जवळच विल्यम बार्ट्राम यांची बाग होती. बार्ट्राम यांच्यामुळे त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. शाळा सुटली की विल्सन रानात जात. काळ्या ओकच्या भक्कम खोडात एका सुतारपक्ष्याने खोदलेले घरटे त्यांनी पाहिले. ते आधी पाच इंच सरळ आत आणि मग त्याच्या दुपटीहून जास्त खाली गेले होते. चोचीने केलेले हे काम! दुसऱ्या एका लहान जातीचे नर-मादी आळीपाळीने ढोली कोरतात आणि लाकडाचे तुकडे दूर नेऊन टाकतात, म्हणजे शत्रूला पत्ता लागत नाही, हेही त्यांनी टिपून ठेवले. कधी कधी अशा ढोलीत काळा साप शिरून पिल्ले खातो. पिल्ले काढायला झाडावर चढलेल्या मुलाच्या हाती मग काय लागत असेल?

१८०९ साली विल्मिंग्टन गावाजवळ त्यांनी पांढऱ्या चोचीचा मोठा सुतारपक्षी गोळी मारून जखमी केला. तो लहान मुलासारखा रडू लागला. विल्सन यांनी त्याला खाणावळीच्या खोलीत कोंडले. तासाभराने येऊन पाहतात तो भिंतीचा गिलावा पलंगावर पडलेला आणि भिंतीला मुठीएवढे भोक! मग पक्ष्याला टेबलाला बांधले, तर त्याने टेबलच फोडले. चित्र काढताना त्याने विल्सन यांनाही जखमा केल्या. त्याने अन्नाला चोच लावली नाही. तीन दिवसांत तो मेला. विल्सन यांना फार वाईट वाटले.

त्यांच्या 'अमेरिकन ऑर्निथॉलॉजी' या ग्रंथाचा पहिला खंड १८०८ मध्ये निघाला. ग्रंथाला ग्राहक मिळवण्यासाठी ते गावोगाव फिरले. १८१० मध्ये ओहायो नदीतून लहानशा होडीत एकट्याने सातशेहून अधिक मैल गेले. रंगारी काम सोडून गेले, तेव्हा चित्रे स्वतः रंगवली. २३ ऑगस्ट १८१३ रोजी हगवणीने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. राहिलेले खंड त्यांचे मित्र जॉर्ज ऑर्ड यांनी १८१४ मध्ये पुरे केले. असे एकूण नऊ खंड झाले. त्यांत पांढऱ्या चोचीच्या त्या सुतारपक्ष्याचेही चित्र आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४४ नंतर ही जात दिसल्याचा सर्वांना मान्य होईल असा पुरावा मिळालेला नाही.