जोसेफ लिस्टर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शस्त्रक्रिया म्हणजे मृत्यूशी गाठ, असे समजले जाई. १८४६ पासून भुलीच्या औषधाचा प्रसार झाला आणि वेदना टळल्या; परंतु जखमेत पू होऊन अनेक रुग्ण दगावत. हे संकट दूर करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते शल्यचिकित्सक म्हणजे जोसेफ लिस्टर.

त्यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळील अप्टन येथे झाला. वडिलांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत सुधारणा करून नाव मिळवले होते. त्यामुळे सूक्ष्म जगाची ओढ लिस्टर यांना घरातच लागली. १८६० मध्ये ते ग्लासगो येथे शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले.

कातडी न फाटता हाड मोडले तर ते बहुधा जुळून येई. कातडी फाटली की जखम सडे. असे का व्हावे? पाश्चर यांचे संशोधन वाचून त्यांना उत्तर सापडले. दोष सूक्ष्म जंतूंचा होता. १२ ऑगस्ट १८६५ रोजी गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची जखम त्यांनी कार्बोलिक आम्लाच्या पट्ट्यांनी झाकली. जखम चिघळली नाही आणि हाडही जुळले.

१८७७ मध्ये लंडनला आल्यावर त्यांनी याहून मोठे धाडस केले. गुडघ्याची वाटी किंवा कोपराचे टोक मोडले, की तेथील बळकट स्नायू तुटलेला तुकडा ओढून दूर नेतो. बाहेरून बांधून तो जागी राहत नाही आणि हातपाय कायमचा दुबळा होतो. लिस्टर यांनी कातडी उघडून वाटीचे तुकडे चांदीच्या तारेने बांधले. धडधाकट कातडी कापणे अनेकांना अविचार वाटला. जखम चिघळली असती, तर रुग्णाचा पाय, कदाचित प्राणही, गेला असता. परंतु रुग्ण बरा झाला. कोपराच्या अस्थिभंगातही त्यांनी तारेचा उपयोग केला.

पुढे विसाव्या शतकात जर्मन शल्यचिकित्सक पाउवेल्स यांनी यामागील बलांचा नियम उलगडला. तार कोपराच्या मागच्या बाजूस बसवली, तर हात वाकवताना स्नायूंचा ताण ती पेलते आणि सांध्याकडील बाजूस हाडाचे तुकडे एकमेकांवर दाबले जातात. जे बल हाड फाकवत होते, तेच आता ते जुळवू लागते. आज जबलपूर असो वा मुंबई, कोपराच्या अशा अस्थिभंगात पोलादी तारा याच तत्त्वावर बसवल्या जातात.

लिस्टर आपल्या मतांना चिकटून बसणारे नव्हते. हवेत कार्बोलिक आम्लाचा फवारा मारण्याची आपलीच रीत अनावश्यक आहे, हे पटताच त्यांनी ती सोडली आणि १८९० मध्ये तसे जाहीरपणे मान्य केले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियागृहात हात आणि हत्यारे निर्जंतुक करण्याचा जो दंडक आज जगभर पाळला जातो, त्याचा पाया त्यांनी घातला.